परिचारिका होताना : सुरतच्या मराठी मुलींच्या निमित्ताने

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी पडते : "मेडिकल नाही मिळाले ना? मग नर्सिंगला घाला." परिचर्या म्हणजे जणू वैद्यकाचे उरलेसुरले दालन! असा सल्ला देणाऱ्याने त्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक बहुधा कधी पाहिलेले नसते. प्रवेश कसा मिळतो आणि मिळाल्यावर विद्यार्थिनी नेमक्या कोठे अडखळतात, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

उदाहरण सुरतचे घेतो. सीमाभागातील वाचकांना ते दूरचे वाटेल; पण परिस्थिती आपल्या ओळखीचीच आहे. जी तापी खानदेशातून वाहते तीच पुढे सुरतेस समुद्राला मिळते, आणि तिच्याच वाटेने धुळे, जळगाव, नंदुरबारकडील कुटुंबे कापडधंद्याच्या आधाराने उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत जाऊन वसली. घरात अहिराणी, महानगरपालिकेच्या शाळेत मराठी, बाजारात हिंदी, सरकारी कागदावर गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा पाच भाषांतून तिथली मुलगी वाट काढते. बेळगाव-निपाणीकडची मुलगी गुजरातीच्या जागी कानडी घालून हेच करते. म्हणून तिचे अनुभव आपल्या कामाचे.

प्रवेशाची दारे तीन. सहायक परिचारिका-प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी असतो. सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र ही पदविका तीन वर्षांची. तिला शास्त्र शाखेला प्राधान्य असले तरी इतर शाखांच्या मुलामुलींनाही ती घेता येते. तिसरे दार बी.एस्सी. नर्सिंग या चार वर्षांच्या पदवीचे. यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, त्यांत सर्वसाधारण गटाला मिळून ४५ टक्के गुण हवेत, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. मात्र ४५ टक्के ही झाली पात्रता. सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात सरकारी नर्सिंग महाविद्यालय आहे. तेथील जागा मोजक्या आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळे गुणवत्ता यादीत ४५ टक्क्यांचा पाड लागत नाही. गुजरातेत बारावीच्या गुणांवर यादी लागत आली आहे, महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सामाईक परीक्षा सुरू झाली, तर कर्नाटकात २०२३ पासून हा अभ्यासक्रम राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत आला. नियम बदलत असतात. मागील वर्षी गेलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

खासगी संस्थेत जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : राज्य परिचर्या परिषदेची मान्यता आणि, पदवी असल्यास, विद्यापीठाची संलग्नता. शिवाय मुलींना प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या रुग्णालयात नेतात, हेही विचारावे. ज्या संस्थेपाशी पुरेशा खाटांचे आणि रुग्णांनी भरलेले रुग्णालय नाही तिथे परिचर्या शिकणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे शिकण्यासारखे आहे. इमारतीच्या संगमरवरावर जाऊ नये.

आता प्रवेशानंतरचे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रमात आठ सत्रे आहेत. प्रत्येक सत्र साधारण २० आठवड्यांचे आणि आठवडा ४० तासांचा. शेवटच्या सत्रात तर आठवड्याला ४८ तास रुग्णालयातच जातात. वर्गातील उपस्थिती ८० टक्के हवी, प्रात्यक्षिकांतही ८० टक्के हवी. आणि प्रत्येक विभागातील रुग्णालयीन कामाचे तास पदवी हाती पडण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. म्हणजे बालविभागातील ड्यूटी आजारपणात बुडाली तर ती नंतर भरावी लागते, माफ होत नाही. कला-वाणिज्याच्या महाविद्यालयात हजेरीपटाशी आपले जे सख्य असते (प्राध्यापकांनी क्षमा करावी), ते येथे चालत नाही. उत्तीर्ण होण्याची मर्यादाही मुख्य विषयांत ५० टक्के, आणि लेखी व प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळी. पस्तिसाच्या हिशेबाने अभ्यास करण्याची सवय पहिल्याच परीक्षेत उघडी पडते.

पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला येथे पहिला धक्का बसतो तो शब्दांचा. त्यावर पाठांतर हा उपाय नव्हे. वैद्यकातील शब्द आपल्या सामासिक शब्दांसारखे जोडलेले असतात. ते फोडायला शिकावे. 'हिपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'गॅस्ट्र' म्हणजे जठर; शेवटी 'आयटिस' आले की दाह, 'एक्टमी' आले की कापून काढणे. एवढ्या पाच तुकड्यांतून हिपॅटायटिस, नेफ्रायटिस, गॅस्ट्रायटिस, नेफ्रेक्टमी, गॅस्ट्रेक्टमी असे शब्द उलगडतात. संस्कृतात संधिविग्रह केलेल्या विद्यार्थिनीला हे मुळीच जड जाऊ नये. 'हायपो' आणि 'हायपर' मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावेत. रक्तातील साखर घटणे आणि वाढणे यांत उच्चाराचा फरक एवढासा, आणि एकीवरचा उपाय दुसरीत घातक.

दुसरी भाषा रुग्णाची. ती पुस्तकात नसते. सुरतच्या वॉर्डात रुग्ण 'ताव' आला म्हणतो तेव्हा त्याला ताप असतो. 'झाडा' झाले म्हणतो तेव्हा जुलाब, 'कमळो' म्हणजे कावीळ, 'उधरस' म्हणजे खोकला, 'बळतरा' म्हणजे जळजळ. मराठी कानाला या शब्दांत कागद, वृक्ष आणि फूल ऐकू येते! आपल्याकडे कानडी रुग्णाचे 'केम्मु' म्हणजे खोकला आणि 'होट्टे नोवु' म्हणजे पोटदुखी हे ज्या मुलीला कळत नाही तिची नोंदवही अर्धी कोरी राहते. पहिल्या महिन्यातच एक लहान वही करून वॉर्डातल्या आयांकडून, मावश्यांकडून असे शेदोनशे शब्द उतरून घ्यावेत. त्यांच्याइतके चांगले भाषाशिक्षक मिळणार नाहीत. याउलट, उधन्याहून आलेल्या आजीबाई अहिराणीत बोलू लागल्या की हीच खानदेशी मुलगी साऱ्या वॉर्डाची दुभाषी होते. न्यूनगंड धरण्याचे कारण नाही.

आणि आता गणित. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणित सुटले, अशी पुष्कळ मुलींची समजूत असते. औषधे देण्याचे शिक्षण सुरू होताच ती मोडते. डॉक्टरांनी ५०० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यावयास सांगितले. नळीच्या संचावर १ मिलिलिटरला २० थेंब असे लिहिलेले आहे. मिनिटाला किती थेंब सोडावयाचे? एकूण थेंब ५०० गुणिले २०, म्हणजे १०,०००. आठ तासांची मिनिटे ४८०. भागाकार २०.८, म्हणजे सुमारे २१ थेंब. हाच संच लहान थेंबांचा, १ मिलिलिटरला ६० थेंबांचा असेल तर उत्तर साधारण ६२-६३ येते. म्हणून हिशेबापूर्वी संचाचे पाकीट वाचावयाचे. बालरुग्णाचे उदाहरण घेऊ : १५० मिलिग्रॅम औषध हवे, बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे आहे. १५० भागिले १२५, गुणिले ५. उत्तर ६ मिलिलिटर.

याहून कसोटीचे उदाहरण इन्शुलिनचे. आपल्या देशात १ मिलिलिटरला ४० एकके आणि १ मिलिलिटरला १०० एकके अशी दोन तीव्रतेची इन्शुलिने मिळतात, आणि दोहोंच्या सिरिंजाही वेगळ्या. समजा १० एकके द्यावयाची आहेत. हातात सिरिंज ४० ची आणि बाटली १०० ची. सिरिंजीवर १० ची खूण म्हणजे पाव मिलिलिटर, आणि १०० च्या बाटलीतील पाव मिलिलिटर म्हणजे २५ एकके. अडीचपट मात्रा! रुग्णाची साखर कोसळेल, आणि सिरिंजीवर खूण मात्र बरोबर १० चीच दिसेल. असे हिशेब रोज पाच या प्रमाणात वर्षभर करावेत, मनात न करता कागदावर करावेत आणि दुसऱ्या विद्यार्थिनीकडून तपासून घ्यावेत. वॉर्डातही मोठ्या जोखमीची औषधे दोघींनी तपासण्याची पद्धत आहे, तिची सवय येथूनच लागते.

तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्गनियंत्रण येते. हात धुण्याच्या पायऱ्या पाठ करताना मुलींना हसू येते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली, लाखो लोक रेल्वेने, मोटारींनी शहर सोडून गेले, आणि रुग्ण मुख्यतः याच नवीन सिव्हिल हॉस्पिटलात दाखल झाले. हा रोग रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांतून पसरतो. टेट्रासायक्लिनसारखी औषधे वेळेवर दिल्यास बरा होतो. शहर रिकामे होत असता वॉर्ड चालूच होते. मुखपट्टी, हातधुणी, रुग्णाला वेगळे ठेवणे यांचा पाठ ज्या आवारात आज गिरवला जातो, त्याच आवारात तो एकदा असा उपयोगी पडला आहे.

अभ्यासाइतकेच मुलींना खचवते ते घर. सकाळी दिंडोलीहून बस पकडायची, दिवसभर उभ्याने काम, संध्याकाळी घरी स्वयंपाक, आणि त्यात पाहुणे स्थळ घेऊन आलेले. पहिल्या सहा महिन्यांत गळणाऱ्या मुली बुद्धीने कमी असतात असे मला वाटत नाही. त्यांची झोप कमी पडते. शक्य असेल तर वसतिगृह घ्यावे. नसेल तर प्रवेशापूर्वीच घरच्यांना वेळापत्रक दाखवावे, रात्रपाळी असते हे स्पष्ट सांगावे. रात्रपाळीवरचा आक्षेप जुनाच आहे. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवावयास सुरुवात केली तेव्हाही प्रतिष्ठित घरांतून नाके मुरडली गेली होती. वडिलांना एकदा महाविद्यालयात आणून शिक्षिकांशी बोलू द्यावे. याचा उपयोग होतो.

वॉर्डातील पहिला मृत्यू पाहिल्यावर जेवण जात नाही, झोप लागत नाही. त्या रात्री एकटीने राहू नये. बरोबरच्या मुलीशी किंवा वॉर्डच्या सिस्टरशी बोलावे. मृत देहाची निगा हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि बाई तो शांतपणे शिकवतात.

एखाद्या विषयात नापास झाल्यास तो पुन्हा देता येतो, तेवढ्यावरून नाव काढून घेऊ नये. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते; तिच्याशिवाय नोकरी नाही. आणि गुजरातेत नोंदलेल्या मुलीला लग्नानंतर धुळ्यास किंवा नोकरीसाठी पुण्यास जावयाचे असेल, तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे नव्याने नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी लागणारी मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालय सोडतानाच हातात घ्यावीत.