नायट्रोजन तुटतो कोठे?

मी कला शाखेचा. रसायनशास्त्राशी माझा संबंध वडील शेतात टाकतात त्या युरियापुरताच. त्यासाठी हवेतील नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडावा लागतो. कारखान्यात हे काम लोखंड करते. काही ठिकाणी आधारद्रव्यावर पसरलेले रुथेनियमचे कण.

कण सगळाच कामाचा, अशी माझी समजूत होती. १९९९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी प्रयोगाला संगणकावरील गणिताची जोड दिली. रुथेनियमच्या सपाट भागावर रेणू जवळजवळ तुटतच नाही. अणूंच्या पायरीवर तो किमान अब्जपट वेगाने तुटतो! गणिताने कारणही दिले : पायरीवर विलग होणाऱ्या दोन नायट्रोजन अणूंना धातूचा एकच अणू वाटून घ्यावा लागत नाही, म्हणून अडथळा उतरतो.

पृष्ठभागाचा शेकडा एक-दोन भाग सोन्याने व्यापला, तोही नेमका पायऱ्यांवर, आणि क्रिया थंडावली. सोन्याने काम अडवले, हे वडिलांना अजून पटलेले नाही.