एस.टी.तून येणारी शिदोरी

नगर शहरातील बसस्थानकांवर सकाळच्या गाड्या लागल्या की उतारूंबरोबर फडक्यात बांधलेले डबेही उतरत आले आहेत. पारनेर, श्रीगोंदे, पाथर्डी, कर्जत या तालुक्यांतील माउलीने पहाटे उठून थापलेली भाकरी दहा वाजण्याच्या आत महाविद्यालयीन मुलाच्या हाती पडावी, ही किमया राज्य परिवहनाच्या गाडीची. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती नगर-पुणे मार्गावरच, आणि अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये झालेली. जिल्ह्यातील उच्च शिक्षण आणि ही डब्याची वाट जवळजवळ बरोबरीनेच वाढली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यापूर्वी गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवावे लागे. सात दिवस सात घरी पान मांडले जाई. परंतु ही सोय बहुधा जातीच्या कुंपणाआड राही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीस जेवू लागली. कोठीतील धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने विकून मुलांना जेवू घातले, हे सर्वश्रुत आहे. श्रीरामपूर व कोपरगाव येथील रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांमागे हीच परंपरा उभी आहे.

वसतिगृहात ज्यांना प्रवेश मिळत नाही, ते चौघे-पाचजण मिळून खोली घेतात आणि स्वयंपाक आपसांत वाटून घेतात. अशा चुलीचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, मोठी शहरे वगळता उर्वरित ठिकाणी, भोजनासाठी वर्षाला २५ हजार रुपये धरण्यात आले होते. वर्षातील दहा महिने शिक्षणाचे मानले तर दिवसाला सुमारे ८३ रुपये पडतात. दोन वेळचे जेवण, न्याहारी आणि इंधन त्यातच भागवावयाचे. शिवाय अनुदान हप्त्याने येते आणि वाण्याची उधारी मात्र दर महिन्यास फेडावी लागते. ही अडचण कागदावरील आकड्यांत दिसत नाही.

या रकमेत वडापाव व बिस्किटांवर दिवस काढणारा विद्यार्थी अर्धपोटी राहतो, आणि घरचेच धान्य शिजविणारा पोटभर जेवतो. साडेतीनशे ग्रॅम बाजरी किंवा ज्वारीचे पीठ, ऐंशी ग्रॅम कडधान्य किंवा डाळ आणि मूठभर शेंगदाणे एवढ्या शिध्यातून दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. प्रौढ पुरुषासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचविलेले प्रमाण ५४ ग्रॅम आहे. धान्यात जे प्रथिन-घटक कमी असतात ते कडधान्यात भरपूर असतात. म्हणून भाकरी-पिठले किंवा भाकरी-मटकी ही जोडी केवळ चवीची नाही. या भागातील हुलग्याचे शेंगोळे तर एकाच पातेल्यात शिजणारे पूर्ण जेवण आहे. एक स्टो आणि एक पातेले असलेल्या खोलीत याहून सोयीचा पदार्थ सापडणे कठीण. तरीही तरुण मुलांना तो गावंढळ वाटतो, हे नवल आहे.

काही गोष्टी मात्र आईने सांगितल्याखेरीज कळत नाहीत. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश अधिक असल्यामुळे ते थोड्याच दिवसांत कडवट होते. तेव्हा गावाहून महिन्याचे पीठ न आणता धान्य आणावे व आठवड्यापुरतेच दळून घ्यावे. कडधान्य रात्री भिजत घातल्यास इंधन वाचते. मोड आणल्यास त्यातील लोह शरीरास अधिक लागू पडते. जेवणावर लगेच चहा घेतल्याने हेच लोह वाया जाते, लिंबाच्या फोडीने ते अंगी लागते. मुलींच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. इंधनासाठी मोठ्या सिलिंडरमधून छोट्या शेगडीत गॅस भरून घेण्याचा प्रकार बेकायदा आणि जिवावर बेतणारा आहे. पाच किलोचा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर रीतसर मिळू शकतो.

खरा पेच पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोडणी कामगारांच्या मुलांपुढे असतो. दसरा-दिवाळीनंतर आईबाप कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. घराला कुलूप लागते आणि डबाही बंद होतो. परीक्षेचे दिवस नेमके याच काळात येतात. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात ही वेळ इतरांवरही आली होती. गाड्याच थांबल्या, तेव्हा डबे कसे यावेत?

अशा मुलाच्या वाट्याचे धान्य मात्र गावी अडकून पडण्याचे कारण नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य दिले जात आहे, आणि ‘एक देश एक शिधापत्रिका’ व्यवस्थेत कुटुंबातील सदस्य आधारची खातरजमा करून दुसऱ्या गावच्या दुकानातूनही आपला हिस्सा उचलू शकतो. त्यासाठी मुलाचे नाव शिधापत्रिकेवर हवे व आधार क्रमांक तिला जोडलेला हवा. कुटुंब गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आतच, ग्रामपंचायतीने तोडणीस जाणाऱ्या घरांतील महाविद्यालयीन मुलांची यादी करून ही जोडणी तपासून घेतली, तर तलाठी व पुरवठा कार्यालयाच्या खेपा वाचतील. अंत्योदय कार्डावर धान्य माणशी नसून कुटुंबास ३५ किलो असते; तेथे मुलाने किती उचलावयाचे हे घरातच आधी ठरवावे लागते.