भित्रे पिलू

मांजराची पोरकी पिले कधी जिन्याखाली, कधी लाकडाच्या वखारीत, तर कधी भर पावसात वळचणीला कुडकुडताना आढळतात. दयाळू माणसे त्यांना उचलून आणतात, औषधपाणी करून वाचवितात आणि मग त्यांच्यासाठी चांगले घर शोधतात. असे एखादे पिलू घरी आले म्हणजे मुलांचा आनंद गगनात मावत नाही. परंतु ज्याच्यासाठी हा आनंद, ते पिलू मात्र कपाटाखाली जाऊन बसते! हाक मारावी तर अधिकच आत सरकते. हात पुढे करावा तर फिसकारते. ‘काय हे कृतघ्न पिलू!’ असेही एखाद्याला वाटेल.

पण मुलांनो, थोडा विचार करा. वयाच्या सुमारे २ ते ७ आठवड्यांच्या काळात पिलू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानू लागते. या काळात ज्याला माणसाचा प्रेमळ स्पर्श लाभला नाही, त्याला माणूस हा एक प्रचंड, अनोळखी प्राणी वाटतो. शिवाय आपल्याला मुळीच ऐकू न येणारे बारीक आवाजही मांजराला ऐकू येतात. नव्या घरातील वास, आवाज व माणसे यांमुळे ते गांगरून जाते. मग त्याने लपून बसावे, यात नवल ते काय?

म्हणून प्रथम त्याला लपावयास हक्काची जागा द्यावी. शांत खोलीत एक खोका आडवा ठेवून त्यात जुने मऊ कापड अंथरावे. निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांना असे खोके दिल्यास ती लवकर स्थिरावतात, असे नेदरलँड्समधील संशोधकांना आढळले. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खोलीत अन्नपाणी ठेवावे. मलमूत्रासाठी वाळूचे घमेले त्यापासून दूर असावे. कारण मांजर स्वच्छताप्रिय असते. गाईचे दूध पुष्कळ पिलांना पचत नाही. म्हणून आहार व लस यांविषयी पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. पिलाने ओरबाडले किंवा चावा घेतला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि वडील माणसांना सांगून लगेच डॉक्टरांकडे जावे.

एवढी व्यवस्था झाली, की मैत्रीस प्रारंभ करावा. रोज ठरावीक वेळी त्या खोलीत जमिनीवर स्वस्थ बसावे. वाटल्यास हलक्या आवाजात आपला धडा वाचावा. पिलाकडे टक लावून पाहू नये. त्याने ते बिचकते. त्याऐवजी डोळे सावकाश मिटावे व पुन्हा उघडावे. अशा रीतीने डोळे मिचकावणाऱ्या माणसाच्या हाताजवळ मांजरे अधिक विश्वासाने येतात, असे इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले.

काही पिलांना दोन-चार दिवस पुरतात, तर काहींना कित्येक आठवडे लागतात. मग एके दिवशी ते पिलू आपण होऊन बाहेर येते, आपले बोट हुंगते आणि मांडीला अंग घासते. त्याला कपाटाखालून ओढून काढणे हे क्षणाचे काम होते. परंतु ओढून आणलेले पिलू हात सुटताच पळाले असते. आपण होऊन आलेले मात्र जवळच राहते. वर्गात नवा आलेला, कोपऱ्यात मुकाट बसणारा मुलगाही पुष्कळदा अशाच धीराच्या सोबतीची वाट पाहत असतो.