विकत घेतलेले खत खोटे निघाले तर



आडसाली उसाची मोठी बांधणी जवळ आली की खताच्या दुकानांपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. मात्रा किती द्यावी, कधी द्यावी यावर आम्ही या पानात नेहमीच लिहितो. खत विकत घेताना काय जपून ठेवावे, आणि ते खोटे निघाले तर दाद कोठे मागावी, हे मात्र आजवर लिहायचे राहून गेले. आता लिहिण्यास कारण घडले ते असे.

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या एका गटातील सभासदाने तीन एकर बांधणीसाठी डीएपीची सहा पोती घेतली. शेजाऱ्यापेक्षा पोत्यामागे थोडी स्वस्त मिळाली म्हणून गडी खूश होता. खत टाकले, बांधणी झाली, पाण्याच्या दोन पाळ्याही झाल्या. मग सहज म्हणून खुरप्याने वरंबा उकरला, तर दाणे जसेच्या तसे. बोटात चुरले तर नुसती माती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गट ऑफिसला आले.

आम्ही विचारले, "पावती कुठंय, तात्या?" त्यांनी खिशातून चिठोरी काढली. त्यावर 'खत ६ नग' आणि बाकी रकमेचा आकडा, एवढेच. दुकानाचे नाव नाही, खताचे नाव नाही, लॉट नंबर नाही. "उधारीवर आणलेलं साहेब, बिल कुठल्या तोंडानं मागू?"

"बरं, रिकामी पोती?" यावर ते गप्पच झाले. घरी जाऊन पाहतो तो वहिनींनी पोती उसवून, धुऊन त्याचे झकास तळवट शिवले होते आणि त्यावर हरभरा वाळत होता. हरभरा बाजूला सारून आम्ही सगळे वाकून छपाई वाचत बसलो. लॉट नंबरावरूनच नेमकी शिवण गेली होती. दुकानदाराकडे गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "हे खत माझ्या दुकानातलं कशावरून?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुकानातला तो माल तोवर संपलाही होता. तात्यांचे पैसे गेले ते गेलेच, वर उधारीही भागवावी लागली.

यात दोष एकट्या तात्यांचा नाही. बांधणीपूर्वी आठच दिवस आमचा शेतकी मदतनीस त्याच रानात जाऊन मात्रा सांगून आला होता. पावतीबद्दल तो अक्षर बोलला नाही, कारण आम्हीच त्याला तसे कधी सांगितले नव्हते.

आता नुकसान किती ते पाहा. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. त्यातील नत्राचा ४० टक्के हप्ता आणि स्फुरद-पालाशाचा निम्मा वाटा मोठ्या बांधणीला द्यायचा असतो. त्यानंतर ऊस वाढला की रानात शिरून खत मातीआड करता येत नाही. म्हणजे हा हप्ता चुकला की चुकला. मोटार बिघडली तर उचलून दुकानात नेता येते. खत मातीत जाते आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून खताच्या बाबतीत तक्रारीची तयारी खरेदीच्या दिवशीच करावी लागते.

पहिली गोष्ट पावती. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार रोखीने विका की उधारीने, दुकानदाराने बिल दिलेच पाहिजे. उधारी आहे म्हणून बिल मागायला लाजण्याचे कारण नाही. अनुदानित खत तर ई-पॉस यंत्रावर नोंद करूनच विकायचे असते आणि त्याची छापील पावती निघते. तेव्हा अंगठा न घेता, पावती न देता कोणी स्वस्तात डीएपी देऊ लागला, तर स्वस्ताईचे कारण आधी शोधावे. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली, तर तीही बिलात लिहून घ्यावी. लिंकिंगची तक्रार तोंडी केली तर कोणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट पोत्याची. एका लॉटचे एक पोते शिवण न उसवता शेवटपर्यंत ठेवावे. आधी बाकीची पोती वापरावीत. एका उघडलेल्या पोत्यातले दाणे तळहातावर घेऊन चुन्याबरोबर चोळावेत. खऱ्या डीएपीचा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येतो. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि भांडे हाताला गार लागते. या घरगुती परीक्षेने फक्त संशय येतो, तिला पुरावा म्हणून कोणी धरत नाही. संशय आला की उरलेली पोती तशीच ठेवून काम थांबवावे. बांधणीचे मजूर खोळंबले तर जीव तुटतो, हे आम्हाला ठाऊक आहे, पण थांबावे.

मग त्याच दिवशी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. खत निरीक्षक दुकानातून रीतसर नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतो. त्यासाठी त्या लॉटचा माल दुकानात शिल्लक सापडला पाहिजे, म्हणून ही घाई. रोपांच्या वा बियाण्याच्या बाबतीत पीक उभे असतानाच पाहणी आणि पंचनामा करून घ्यावा.

येथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. कृषी खाते दुकानदाराचा परवाना निलंबित करील, खटलाही भरील, पण तुमचे पैसे ते तुम्हाला आणून देणार नाही. भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्या जागी २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मग कंपनी कुठलीही असो. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, किरकोळ प्रकरणे तेथेच मिटतात. आयोग लागल्यास माल सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो, आणि तेव्हा ते न उसवलेले पोते उपयोगी पडते. निकाल तीन ते पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, ही तयारी मनाशी ठेवावी.

"शेतकरी कसला ग्राहक, तो तर धंदा करतो," असे कंपन्या पूर्वी सांगत. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकरी हा ग्राहकच आहे, असे ठरवले. सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याकडून तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा धरता येत नाही, असेही म्हटले. पण त्याच्या भरवशावर बिल फेकू नका.

मागच्या शेतकरी मेळाव्यात एका तरुण सभासदाने उभे राहून विचारले, "आणि कारखान्यानं दिलेलं खत किंवा बेणं खराब निघालं तर?" सभेत थोडा हशा झाला, पण प्रश्न योग्य होता. कारखान्याच्या गोदामातील खताची रक्कम तुमच्या ऊसबिलातून कापली जाते, म्हणजे तुम्ही ते विकतच घेता. तेव्हा वर सांगितलेले सारे आम्हालाही लागू आहे. गट ऑफिसला लेखी तक्रार द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. कोणी पोच देण्यास कां-कूं केली तर सरळ आमच्याकडे या. उसाचे वजन किंवा दर यांची तक्रार मात्र ग्राहक आयोगात चालत नाही, कारण तेथे तुम्ही विकणारे असता. वजनासाठी वैध मापन शास्त्र खाते आहे, आणि बिलासाठी साखर आयुक्तालय.

अर्ज लांबलचक नको. 'अमुक तारखेला अमुक दुकानातून अमुक बिल नंबरने, अमुक लॉटची इतकी पोती घेतली. इतकी वापरली, इतकी न उघडता शिल्लक आहेत. खत विरघळत नाही. सबब पाहणी करून नमुना घ्यावा,' एवढे पुरे. याचा छापील नमुना सर्व गट ऑफिसांत ठेवला आहे. शंका आली तर पोते गाडीवर टाकून कारखान्यावर आणू नका. ते जागेवर, शिवणीसह तसेच राहू द्या आणि मदतनिसाला बोलावणे पाठवा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग