गाडीतला गारवा कुठे गेला?

हाताच्या पाठीवर थोडे स्पिरिट लावा आणि त्यावर फुंकर घाला. तेवढी जागा चटकन गार पडते. स्पिरिटची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते तुमच्या कातडीतून घेते. पाठ्यपुस्तकातील बाष्पीभवनाची सुप्त उष्णता ती हीच. मोटारीतील एसी याहून वेगळे काही करीत नाही. फक्त तेथे झालेली वाफ वाया न घालवता तिचा पुन्हा द्रव करतात.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा काँप्रेसर शीतकाची वाफ दाबतो, तेव्हा ती तापते. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकते व द्रवरूप होते. मग एका बारीक छिद्राच्या झडपेतून द्रव निघाला, की त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. अनेक गाड्यांत आर-१३४ए नावाचे शीतक असते. ते वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते!

आता बिघाड कसा शोधायचा? वारा कमी येत असेल तर आधी हवेची जाळी पाहावी; ती धुळीने गच्च भरलेली असते. वारा भरपूर, पण कोमट? एसी चालू करताच काँप्रेसरचा क्लच ‘टक्’ असा वाजतो का, ते ऐकावे. धावताना गारवा आणि सिग्नलला थांबताच गरम हवा, असे होत असेल तर संशय कंडेन्सरवर. तेथील पंखा बंद असेल किंवा पात्यांत चिखल बसला असेल. वाहत्या वाऱ्याने भागणारे काम उभ्या गाडीत भागत नाही, हे उघड आहे.

माझ्या एका स्नेह्यांच्या गाडीत सलग तीन उन्हाळे ‘गॅस संपला’ म्हणून गॅस भरला गेला. पण शीतक म्हणजे पेट्रोल नव्हे. ते खर्च होत नाही. वर्षानुवर्षे थोडे झिरपते, हे खरे. पण दर वर्षी भरावे लागते याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. चौथ्या वर्षी दुसऱ्या मेकॅनिकने कंडेन्सरच्या सांध्यावर तेलकट डाग दाखवला. शीतकाबरोबर काँप्रेसरचे वंगणही फिरत असते, म्हणून गळतीच्या जागी तेल दिसते. तेथील रबरी कडी चिरली होती. आणखी एक-दोन वर्षे असेच चालले असते, तर तेलाअभावी काँप्रेसरच जाम झाला असता.

पहिल्या मेकॅनिकने इंजिन बंद ठेवून गेज लावला होता आणि ‘दाब बरोबर आहे’ म्हटले होते. येथे विचार करा. बंद नळ्यांत थोडासा द्रव शिल्लक असला, तरी त्यावरील वाफेचा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंशांना तो वातावरणाच्या सुमारे साडेसात पट असतो; मग द्रव ५० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी किती भरली आहे हे आपण वजनावरून ठरवतो, तसेच हे. म्हणून शीतक तोलूनच भरावे.

भरण्यापूर्वी पंपाने नळ्या निर्वात करतात. ३० अंशांचे पाणी पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर दाबाखाली उकळते, त्यामुळे आत राहिलेला ओलावा वाफ होऊन निघून जातो. ही घाई केली, तर तो ओलावा झडपेच्या छिद्रात गोठतो. मग गाडी थोडा वेळ गार होते, गारवा थांबतो, आणि एसी बंद ठेवून बर्फ वितळला की पुन्हा सुरू होतो!

मात्र सांधे स्वतः सैल करू नका. उडालेल्या द्रवाने कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो. शिवाय हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट पृथ्वी तापवतो. याआधीचे आर-१२ ओझोनचा थर झिजवते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने ते हद्दपार होत गेले.

आणि गाडीखाली ठिबकणारे पाणी? ती गळती नव्हे. गार कॉइलवर हवेतील बाष्प जमते, त्याचेच ते थेंब. दमट मुंबईत ते अधिक दिसतात. ते खाली न पडता पायाखालचा गालिचा भिजू लागला, तर मात्र पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे, असे समजा.