पार्व्होचा जीनोम वाचून घ्यायचा, तर किती खर्च?

दिल्लीत पहाडगंजच्या गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू मुलांच्या हट्टापायी घरी आणलं. दोन दिवसांत उलट्या, रक्ताचे जुलाब: पार्व्हो विषाणूची लक्षणं. अशा वेळी कुणीतरी शहाणा सुचवतो, ‘विषाणूचं सिक्वेन्सिंग करून घ्या’, म्हणजे त्याचा जीनोम वाचून घ्या. लगेच पाकीट काढू नका. पार्व्होवरचा इलाज म्हणजे सलाइन, उलटीची औषधं आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख. जीनोम कळला म्हणून त्यात फरक पडत नाही. दवाखान्यातली झटपट किट हजाराच्या आसपास, उत्तर दहा-पंधरा मिनिटांत. शंका उरली तर पीसीआर चाचणी, साधारण दीड ते तीन हजार. पहाडगंजातल्या बृहन्महाराष्ट्र भवनापासून तीस हजारीचा सरकारी पशुदवाखाना फार लांब नाही, आधी तिकडे चला.

सिक्वेन्सिंगला अर्थ येतो तो लस दिलेली पिल्लंही आजारी पडू लागली, किंवा तुम्ही पशुवैद्यकाचे विद्यार्थी असाल, तर. तेव्हाही अख्खा जीनोम लागत नाही. पार्व्होचा जीनोम जेमतेम पाच हजार अक्षरांचा. त्यातल्या व्हीपी-२ प्रथिनाची ४२६वी जागा बघायची: ॲस्पॅराजीन असेल तर विषाणूचा प्रकार २ए, ॲस्पार्टिक आम्ल असेल तर २बी, ग्लुटामिक आम्ल असेल तर २सी. सँगर पद्धतीच्या एका वाचनाला तीनशे ते सहाशे रुपये पडतात. दोन्ही बाजूंनी वाचन, डीएनए काढणं, पीसीआर धरून तीन-चार हजारांत काम व्हावं. जीएसटी वेगळा.

संपूर्ण जीनोमला दहा-वीस हजार धरून चाला. इथे एक मेख आहे. विष्ठेच्या नमुन्यात कुत्र्याचा डीएनएही असतो, आणि कुत्र्याचा जीनोम सुमारे २४० कोटी अक्षरांचा! विषाणूचा भाग आधी पीसीआरने वाढवून घेतला नाही, तर पैसे कुत्रा वाचण्यातच जातात. प्रयोगशाळेला हा प्रश्न विचाराच. शिवाय विश्लेषणाचं शुल्क धरलंय का आणि मूळ डेटा फाइल मिळेल का, हे कोटेशनवर लिहून घ्या. नमुना बर्फाच्या डब्यातून पाठवा.

गावाकडे गुरं असतील, तर हा खर्च तुमचा नव्हेच. लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या विषाणूचा जीनोम दीड लाख अक्षरांचा. २०२२च्या साथीत दिल्लीच्याच आयजीआयबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या नमुन्यांवरून तो वाचला. गाठी दिसल्या की जनावर वेगळं बांधा आणि १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. नमुना कुठे पाठवायचा, ते पशुसंवर्धन खातं पाहील.