बाहुलीला काहीच येत नाही!

बालवाडीत एखादं मूल महिनोन्‌महिने गप्प बसतं. घरी मात्र तेच मूल दिवसभर बडबड करतं. असं का? आपल्या बेळगावसारख्या सीमाभागात याचं एक कारण उघड आहे. घरी कन्नड, कोकणी किंवा उर्दू आणि वर्गात मराठी! चुकलं तर सगळे हसतील म्हणून मूल तोंडच उघडत नाही. आणि आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो.

अशा वेळी हातबाहुली कामाला येते. मूल तिच्या आडून बोलतं. चूक झाली तर ती बाहुलीची!

बाहुलीनाट्य आपल्याला नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतात; त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण लहान मुलांना दोऱ्या सांभाळणं जड जातं. त्यांच्यासाठी जुना मोजा, दोन बटणं आणि थोडी लोकर पुरे.

खरा प्रश्न आहे बाहुलीनं काय बोलावं हा. पुष्कळदा तिच्या तोंडून उपदेशच दिला जातो: हात धुवा, खरं बोला. मुलं ऐकतात, हसतात, पण बोलत नाहीत. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव आठवा. तो प्रवचन देत नाही, उलट उत्तरं देतो. म्हणून तर संवाद रंगतो. वर्गातली बाहुलीही शहाणी नको, अडाणी हवी. समजा, तिनं केळं सालीसकट खायला घेतलं, तर गप्प मूलही ओरडेल, “अगं, साल काढ!”

तीन गोष्टी मात्र सांभाळाव्यात.

१. प्रश्न विचारल्यावर बाहुलीनं थांबावं. शिक्षिकेनं मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो.

२. चूक दाखवू नये, बरोबर रूप सहज बोलून जावं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात, म्हणून मूल “माझा शाळा” म्हणेल. बाहुलीनं विचारावं, “हो का? तुझी शाळा कुठे आहे?”

३. पुढे दोन मुलांत एक बाहुली द्यावी. एकानं विचारायचं, दुसऱ्याच्या बाहुलीनं सांगायचं, मग अदलाबदल. ऐकणं हासुद्धा संवादच आहे.

मुलाच्या तोंडून मध्येच घरचा शब्द आला तर बाहुलीनं त्याचा अर्थ विचारावा. त्या क्षणी मूल शिक्षक होतं. आपल्यापैकी बरेच जण उद्या वर्गात उभे राहतील. तेव्हा एवढं लक्षात ठेवू या: बाहुली किती छान बोलली यापेक्षा मूल किती बोललं, हे महत्त्वाचं.